मॉल्डनची लढाई आणि एका दग्ध पोथीची साक्ष

१. प्रास्ताविक

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, एसेक्स प्रांतांतील मॉल्डन या गांवाजवळ, इ. स. ९९१ च्या ऑगस्ट महिन्यांत सॅक्सन लोक व समुद्रमार्गें आलेले व्हायकिंग यांच्यांत एक लढाई झाली. तींत सॅक्सनांचा मोड होऊन त्यांचा सेनापति बिर्टनॉथ हा रणांत पडला. लढाई कांहीं फार मोठी नव्हती. तिनें कोणतें राज्य बुडालें नाहीं, कोणतें नवें उभेंही राहिलें नाहीं. असें असूनही त्या देशाच्या इतिहासांत व वाङ्मयांत या लढाईची जेवढी चर्चा झाली आहे, तेवढी तिच्याहून थोर अशा अनेक लढायांची झालेली नाहीं. याचें कारण एक काव्य होय. मॉल्डनच्या पराभवावर कोणा अज्ञात सॅक्सन कवीनें एक वीरकाव्य रचिलें. त्याच्या सवातीनशें ओळी उपलब्ध आहेत. या काव्याची जगांत एकच पोथी होती, व ती इ. स. १७३१ मध्यें जळाली. आज जें आपण वाचितों तें आगीपूर्वीं थोडींच वर्षें अगोदर झालेल्या एका नकलेवरून.

प्रस्तुत लेखांत आम्हीं दोन प्रश्नांचा विचार करण्याचें योजिलें आहे. एक असा कीं, काव्यांत जी लढाई वर्णिली आहे ती घडलेली मानावी कीं कवीनें रचिलेली? आणि दुसरा असा कीं, मूळ पोथी नाहींशी झाल्यावर तिच्या नकलेची साक्ष कितपत ग्राह्य धरावी? विषय परदेशचा आहे हें खरें. परंतु बखरी, पोवाडे, करीने व महजर यांचा ज्यांना नित्य परिचय आहे, त्या आमच्या वाचकांस हे दोन्हीही प्रश्न घरचेच वाटतील.

२. पूर्वपीठिका

उत्तरेकडील दर्यावर्दी लुटारूंचे इंग्लंडवरील हल्ले आठव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. इ. स. ७९३ मध्यें लिंडिस्फार्न बेटावरील मठ त्यांनीं लुटला, ही त्यांतील पहिली प्रसिद्ध घटना. पुढें नवव्या शतकांत त्यांनीं देशाचा बराच भाग बळकाविला. वेसेक्सचा राजा आल्फ्रेड यानें इ. स. ८७८ मध्यें एडिंग्टन येथें त्यांचा पराभव करून त्यांस आळा घातला, व त्याचा नातू ॲथेलस्टन यानें इ. स. ९३७ मध्यें ब्रुनानबर्ग येथें मोठा जय मिळविला. त्यानंतरच्या पिढींत देशाला बरीच स्वस्थता लाभली. परंतु एडगर राजा इ. स. ९७५ मध्यें वारला, त्याचा वडील मुलगा एडवर्ड याचा इ. स. ९७८ मध्यें खून झाला, आणि धाकटा एथेलरेड हा अल्पवयांतच गादीवर आला. इ. स. ९८० पासून किनाऱ्यावर पुनः गलबतें दिसूं लागलीं.

बिर्टनॉथ हा या वेळीं एसेक्सचा एल्डर्मन होता. एल्डर्मन म्हणजे राजाच्या वतीनें एका विस्तीर्ण प्रांताचा कारभार पाहणारा व त्या प्रांताची फौज चालविणारा अधिकारी. आपल्याकडील सरसुभेदाराशीं त्याची तुलना करितां येईल. हें पद त्यास इ. स. ९५६ मध्यें मिळालें होतें. म्हणजे लढाईच्या वेळीं तो पस्तीस वर्षें अधिकारावर असलेला वृद्ध सरदार होता. त्याचें वार्धक्य काव्यांतही सांगितलें आहे व अन्यत्रही, हें पुढें दिसून येईल.

३. साधनांची तपासणी

या लढाईसंबंधीं काव्याखेरीज मुख्य साधनें तीन आहेत. पहिलें साधन सॅक्सन भाषेंतील शकावली हें होय. ही शकावली एक नसून तिच्या अनेक प्रती आहेत व त्यांत परस्परांत भेद आहेत. तीन प्रतींत इ. स. ९९१ च्या सदराखालीं एवढाच मजकूर आढळतो कीं, इप्सविच लुटलें गेलें, त्यानंतर लौकरच एल्डर्मन बिर्टनॉथ मॉल्डन येथें मारला गेला, आणि त्याच वर्षीं डेन लोकांस प्रथमच खंडणी देण्याचें ठरलें. खंडणी दहा हजार पौंड होती व तो सल्ला आर्चबिशप सिगेरिक यानें दिला. चौथ्या प्रतींत मात्र ९९३ च्या सदराखालीं निराळीच हकीकत आहे. तींत ओलाफ हा ९३ गलबतें घेऊन आला, सँडविच व इप्सविच करून मॉल्डनला पोंचला, तेथें बिर्टनॉथानें त्याच्याशीं युद्ध केलें व तो पडला, आणि नंतर ओलाफाशीं तह होऊन राजानें त्याचा धर्मपिता या नात्यानें स्वीकार केला, असें म्हटलें आहे.

या चौथ्या प्रतीचा मजकूर आम्हांस मिश्रित वाटतो. ओलाफाच्या धर्मसंस्काराची हकीकत इतर प्रतींत इ. स. ९९४ ची म्हणून आहे; त्या सालीं त्यानें ९४ गलबतांनिशीं लंडनवर हल्ला केल्याची नोंद आहे. ९३ व ९४ या आंकड्यांतील जवळीकही संशय उत्पन्न करणारी आहे. समासांत लिहिलेली एका सालची टीप नकलकारानें दुसऱ्या सालच्या मजकुरांत घालावी, हा प्रकार आपल्या शकावल्यांच्या अभ्यासकांस नवा नाहीं. म्हणून ओलाफ हा मॉल्डनला हजर होता असें निश्चयानें म्हणतां येत नाहीं. काव्यांत तर व्हायकिंगांपैकीं एकाचेंही नांव आलेलें नाहीं.

दुसरें साधन ओस्वल्ड या साधूचें लॅटिन चरित्र. तें रॅम्से मठांतील बिर्टफर्थ नांवाच्या विद्वान भिक्षूनें लढाईनंतर दहा-बारा वर्षांच्या आंतच लिहिलें. त्यांत बिर्टनॉथाची उंच देहयष्टि व हंसासारखे शुभ्र केस यांचें वर्णन असून, तो उजवीकडे व डावीकडे वार करीत असतां पडला, उरलेले पळाले, आणि डेनही इतके घायाळ झाले कीं गलबतें चालविण्यास त्यांस माणसें पुरेनात, असें सांगितलें आहे. भिक्षूची भाषा अलंकारिक आहे. परंतु तो समकालीन आहे, व त्याच्या मठाचा बिर्टनॉथाशीं संबंधही होता. मात्र त्यानें लढाईच्या गांवाचें नांव दिलेलें नाहीं.

तिसरें साधन ईली येथील मठाचा ग्रंथ. हा बाराव्या शतकांतील, म्हणजे लढाईनंतर दीडशें वर्षांनीं झालेला. या ग्रंथाप्रमाणें मॉल्डनला चार वर्षांच्या अंतरानें दोन लढाया झाल्या. पहिली बिर्टनॉथानें पुलावर जिंकली. दुसरी चौदा दिवस चालली. जातांना रॅम्सेच्या मठाधिपतीनें त्याच्या थोड्याच माणसांस जेवूं घालण्याची तयारी दाखविली, ईलीच्या मठाधिपतीनें साऱ्या सैन्याचा सत्कार केला, म्हणून त्यानें आपलीं गांवें ईलीला दिलीं. पुढें शत्रूंनीं त्याचें मस्तक नेलें, तेव्हां भिक्षूंनीं मस्तकाच्या जागीं मेणाचा गोळा ठेवून देह पुरला. या हकीकतींत मठाच्या इनामाचें समर्थन करण्याचा हेतु उघड आहे. शेजारच्या मठाचा कृपणपणा व आपलें औदार्य यांच्या गोष्टी इनामपत्रांच्या जोडीनें कशा वाढतात, हें आमच्या वाचकांस सांगणें नको. चौदा दिवसांची लढाई व तिच्या आधींची दुसरी लढाई यांस अन्य कोठेंही आधार नाहीं.

तथापि एवढ्यावरून ईलीचा ग्रंथ सर्वस्वीं टाकाऊ ठरत नाहीं. इ. स. १७६९ मध्यें तेथील मंदिरांत जुन्या उपकारकर्त्यांच्या अस्थि हलविण्याचा प्रसंग आला. त्या वेळीं बिर्टनॉथाच्या म्हणून जपलेल्या अस्थींत कवटी नव्हती, व गळ्याजवळचें हाड शस्त्रानें जवळजवळ तुटलेलें होतें, असें जेम्स बेंथम यानें नमूद केलें आहे. मस्तकाची गोष्ट एरवीं कथाकाराचा अलंकार म्हणून आम्हीं सोडून दिली असती. याच ग्रंथांत असेंही लिहिलें आहे कीं, बिर्टनॉथाची विधवा एल्फ्लेड हिनें पतीचे पराक्रम ज्यांत विणले होते असा एक पडदा मठाला अर्पण केला. तो पडदा आज नाहीं. तो असता तर काव्याच्या बरोबरीनें साक्ष देणारा दुसरा साक्षीदार आपणांस मिळाला असता.

४. काव्यांतील हकीकत

काव्याचा आरंभ व शेवट दोन्ही गळाले आहेत. उपलब्ध भागाच्या सुरुवातीस बिर्टनॉथ आपल्या लोकांस घोडे सोडून पायउतारा होण्यास सांगत आहे. एक तरुण आपला शिकारी ससाणा हातावरून रानाकडे सोडून देतो. आतां मृगया संपली, हें त्यावरून कळावें. पलीकडच्या तीरावरून व्हायकिंगांचा जासूद ओरडून खंडणी मागतो, आणि बिर्टनॉथ उत्तर देतो कीं, खंडणी मिळेल ती भाल्यांच्या टोकांची. मध्यें पान्टे नदीचें पाणी भरतीनें चढलेलें असल्यामुळें दोन्ही सैन्यें थांबून राहतात. ओहोटी लागल्यावर एक अरुंद वाट उघडी पडते व ती वुल्फस्तान, एल्फहेर व मॅक्कस हे तिघे अडवून धरतात. वाट मिळत नाहीं असें पाहून व्हायकिंग कपटानें पार येऊं देण्याची विनंति करितात, आणि बिर्टनॉथ त्यांस येऊं देतो. येथें कवि एक शब्द घालतो, त्याचा विचार पुढें करूं.

नंतर हातघाईचें युद्ध होतें. बिर्टनॉथास भाला लागतो. वुल्फस्तानाचा कोवळा मुलगा वुल्फमेर तो उपसून परत शत्रूवर फेंकतो. अखेर बिर्टनॉथ पडतो. तो पडतांच ओडाचा मुलगा गॉड्रिक हा धन्याच्याच घोड्यावर बसून पळतो, व त्याचे भाऊ गॉडविन व गॉडविग हेही पळतात. घोडा ओळखून अनेकांस वाटतें कीं सेनापतीच निघून गेला. त्यामुळें ढालींची फळी फुटते. येथून पुढें काव्याचा गाभा आहे. उरलेले सरदार एकामागून एक पुढें येऊन, धन्याच्या प्रेतापासून आम्ही पाऊल मागें घेणार नाहीं, असें बोलतात व लढून मरतात. त्यांत एल्फविन नांवाचा कुलीन तरुण आहे, स्टर्मर गांवचा लेओफसुनु आहे, डनेर नांवाचा साधा शेतकरी आहे, नॉर्थंब्रियाहून ओलीस म्हणून आलेला एक तरुण आहे, आणि शेवटीं बिर्टवोल्ड हा म्हातारा सेवक आहे. मग गॉड्रिक नांवाचा दुसरा एक वीर शत्रूंत घुसतो. आणि हा पळून गेलेला गॉड्रिक नव्हे, असें कवि सांगतो न सांगतो तोंच पान संपतें.

५. पोथीची हकीकत

ही पोथी सर रॉबर्ट कॉटन (१५७१–१६३१) या संग्राहकाजवळ होती. मठ मोडल्यावर देशभर विखुरलेल्या पोथ्या त्यानें आयुष्यभर गोळा केल्या. त्याच्या पुस्तकालयांत प्रत्येक कपाटावर एकेका रोमन बादशहाचा अर्धपुतळा असे, व कपाटाच्या नांवानें पोथी ओळखली जाई. आपलें काव्य ओथो बादशहाच्या कपाटांतील पहिल्या फळीवरच्या बाराव्या पुस्तकांत होतें. त्याच पुस्तकांत ॲसर यानें लिहिलेल्या आल्फ्रेड राजाच्या चरित्राचीही पोथी बांधलेली होती.

या काव्याचा पहिला उल्लेख थॉमस स्मिथ याच्या इ. स. १६९६ च्या यादींत सांपडतो. पण त्यानें तें एड्रिक नांवाच्या कोणाविषयींचें ऐतिहासिक प्रकरण म्हणून नोंदलें. एड्रिक हें काव्याच्या प्रारंभीं ओझरतें आलेल्या एका शिपायाचें नांव आहे. पहिल्या पानावर जें नांव दिसलें तेंच घेऊन यादी करणाऱ्यानें काम भागविलें, असें दिसतें. इ. स. १७०५ मध्यें हम्फ्री वॅन्ली यानें मात्र काव्य वाचून पाहिलें व अचूक नोंद केली : पानें सहा, आदि-अंत खंडित, विषय बिर्टनॉथाचा डेनांशीं झालेल्या युद्धांतील पराक्रम.

त्यानंतर पुस्तकालयाच्या एका दुय्यम रक्षकानें या सहा पानांची नक्कल केली. ती नक्कल ऑक्सफर्डच्या थॉमस हर्न याच्या हातीं आली, व त्यानें ग्लास्टनबरीच्या जॉनच्या बखरीच्या पुरवणींत इ. स. १७२६ मध्यें ती छापिली. काव्याच्या ओळी न पाडतां त्यानें तें गद्यासारखें सलग छापिलें. पुढें पांच वर्षांनीं, २३ ऑक्टोबर १७३१ च्या रात्रीं, वेस्टमिन्स्टर येथील ॲशबर्नहॅम वाड्यांत ठेवलेल्या या संग्रहास आग लागली. चौकशी समितीच्या गणनेप्रमाणें ९५८ पुस्तकांपैकीं ११४ नष्ट किंवा निकामी झालीं व ९८ कमीअधिक बिघडलीं. ‘बेओवुल्फ’ या महाकाव्याची पोथी कडा करपून वांचली. मॉल्डनचें काव्य वांचलें नाहीं.

दोनशें वर्षें सर्व संपादकांस हर्नच्या छापील पाठावर विसंबावें लागलें. ज्या नकलेवरून हर्ननें छापिलें ती हरवली असाच समज होता. परंतु ती ऑक्सफर्डच्या बॉड्लियन पुस्तकालयांत रॉलिन्सन संग्रहांत आढळून आली, व ई. व्ही. गॉर्डन यानें आपल्या इ. स. १९३७ च्या आवृत्तींत तिचा प्रथम उपयोग केला. तेव्हां हर्नच्या छपाईंत शिरलेले कित्येक अपपाठ काढून टाकतां आले. पाठपरंपरेच्या दृष्टीनें बोलावयाचें तर पूर्वीं आपल्या हातीं मूळ पोथीचें नातवंड होतें, आतां अपत्य मिळालें.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. नकलेवर नकलकाराचें नांव नव्हतें. हर्ननें ती जॉन एल्फिन्स्टन याची म्हणून सांगितली, व अडीचशें वर्षें जगानें तसेंच मानिलें. इ. स. १९८५ मध्यें एच्. एल्. रॉजर्स या विद्वानानें हस्ताक्षर ताडून असें दाखविलें कीं, नक्कल एल्फिन्स्टनची नसून त्याच्यानंतर त्या जागेवर आलेल्या डेव्हिड कॅस्ली याची आहे. आगीनंतर कोणत्या पोथ्या गेल्या व कोणत्या बिघडल्या याची यादी तयार करण्याचें काम याच कॅस्लीकडे आलें, व ती इ. स. १७३४ मध्यें छापली गेली. आपण ज्या पोथीची नक्कल केली तिचें नांव नष्ट पोथ्यांच्या यादींत लिहिण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला, असा नकलकार विरळाच.

६. घडलेलें किती व रचिलेलें किती

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. काव्यांतील भाषणें कवीचीं आहेत, याविषयीं आम्हांस संशय वाटत नाहीं. बिर्टनॉथ पडल्यानंतर जे पळाले त्यांनीं तीं ऐकलीं नाहींत, आणि ज्यांनीं ऐकलीं ते काव्याच्याच म्हणण्याप्रमाणें तेथेंच पडले. मग तीं कवीच्या कानीं कोणीं घातलीं? प्राचीन ग्रीक इतिहासकारांपासून आपल्या बखरकारांपर्यंत सर्वांनीं प्रसंगोचित भाषणें रचिलीं आहेत. या कवीनेंही तेंच केलें.

परंतु भाषणें रचिलेलीं म्हणून प्रसंगही रचिलेला, हा निष्कर्ष चुकीचा होईल. याविरुद्ध तीन प्रमाणें आम्ही पुढें मांडतों.

पहिलें प्रमाण स्थलाचें. उपलब्ध काव्यांत मॉल्डन हें नांवच नाहीं. तेथें फक्त पान्टे नदीचें नांव आहे. शकावलींत मॉल्डन आहे, पण नदी व भरती-ओहोटी नाहीं. मॉल्डनच्या खाडीस आज ब्लॅकवॉटर म्हणतात, पण त्याच नदीच्या वरच्या भागाचें नांव अद्याप पान्ट असेंच आहे. गांवापासून दीड-दोन मैल पूर्वेस खाडींत नॉर्दी नांवाचें बेट असून तें किनाऱ्याशीं एका बांधवाटेनें जोडलेलें आहे. ही वाट भरतीच्या वेळीं पाण्याखालीं जाते व ओहोटीस उघडी पडते. इ. स. १९२५ मध्यें लाबोर्ड यानें रणभूमि ही, असें दाखविल्यापासून बहुतेकांनीं तें मान्य केलें आहे. काव्यांतील जो शब्द साधारणतः पूल या अर्थीं घेतात त्याचा जुना अर्थ बांधवाट असाही होतो. ईलीच्या ग्रंथकारास हें ठाऊक नसल्यानें त्यानें खराच पूल कल्पिला असावा. दोन स्वतंत्र साधनें एकमेकांचीं उणीं भरून काढतात व भूमि दोघांस दुजोरा देते. हें केवळ कल्पनेनें साधणें कठीण.

दुसरें प्रमाण नांवांचें. एल्फविन आपल्या भाषणांत आपला आजा मर्शियांतील मोठा सरदार एल्हहेल्म असल्याचें सांगतो. या नांवाचा एल्डर्मन दहाव्या शतकाच्या मध्यास मर्शियांत खरोखरच होता; दानपत्रांवर त्याची साक्ष आहे. एल्फविनाचा बाप एल्फ्रिक हा बहुतेक तोच एल्डर्मन असावा, ज्यास इ. स. ९८५ मध्यें हद्दपार केल्याचें शकावलींत लिहिलें आहे. बाप हद्दपार झालेला, म्हणून मुलगा आजाचें नांव घेतो व बापाविषयीं मौन धरितो. असा बारकावा माहितगारासच सुचतो. लेओफसुनुचें स्टर्मर हें खेडेंही एसेक्समध्यें आज आहे.

तिसरें प्रमाण आम्हांस सर्वांत बळकट वाटतें. काव्यांत गॉड्रिक नांवाचे दोन पुरुष आहेत : एक पळालेला व एक लढून मेलेला. कल्पित पात्रें निर्माण करणारा कवि दोघांस एकच नांव देऊन स्वतःस अडचणींत घालून घेत नाहीं. दोन गॉड्रिक खरोखर होते, दोघांचेही नातलग जिवंत होते, आणि एकाची अपकीर्ति दुसऱ्याच्या घराण्यास चिकटूं नये अशी कवीस काळजी होती. म्हणूनच हा तो नव्हे, असें त्यास सांगावें लागलें. महजरांत सारख्या नांवाच्या दोन वतनदारांचा बापाच्या नांवानें भेद करितात, त्यांतलाच हा प्रकार होय.

याउलट असा एक आक्षेप घेतला जातो कीं, काव्यांत बिर्टनॉथास ‘एओर्ल’ म्हटलें आहे, व एल्डर्मनच्या जागीं हा शब्द डेन राजा क्नूट (१०१६–१०३५) याच्या अमलांत रूढ झाला; सबब काव्य उशिराचें. परंतु कुलीन वीर या अर्थीं तो शब्द सॅक्सन काव्यांत पूर्वींपासून आहे. एवढ्या एका शब्दावर काव्यास पंचवीस-तीस वर्षें खालीं ओढणें आम्हांस सयुक्तिक वाटत नाहीं.

आतां कवीच्या त्या शब्दाविषयीं. व्हायकिंगांस पार येऊं देण्याचें कारण कवि ‘ओफरमोड’ असें देतो. ‘ओफर’ म्हणजे अति, ‘मोड’ म्हणजे मनोवृत्ति किंवा धैर्य. जे. आर. आर. टॉल्किन यानें इ. स. १९५३ मध्यें या शब्दाचा अर्थ दर्प असाच घेऊन, कवि सेनापतीस स्पष्ट दोष देत आहे, असें प्रतिपादिलें. अन्यत्र हा शब्द सैतानाच्या गर्वास उद्देशून येतो, हें त्याच्या पक्षास अनुकूल आहे. आम्हांसही संस्कृतांतील ‘अतिमान’ हा शब्द येथें योग्य वाटतो. परंतु कवीचा दोषारोप व सेनापतीचें कारण या दोन भिन्न गोष्टी आहेत. व्हायकिंगांजवळ गलबतें होतीं. वाट मिळाली नसती तर ते भरतीबरोबर निघून जाऊन दुसरें इप्सविच लुटते, आणि गांवोगांवची जमविलेली फौज तीरावर पाहत उभी राहती. शत्रु हातीं लागला असतां त्यास तेथेंच गांठावें, असें अनुभवी अधिकाऱ्यास वाटणें अगदीं स्वाभाविक आहे. पराभव झाला म्हणून त्या निश्चयास दर्प हें नांव मिळालें. जय मिळता तर त्यासच धैर्य म्हटलें असतें.

७. स्वामिपिंड आणि खंडणी

काव्याचा आधारभूत विचार असा : ज्याच्या घरीं अन्न खाल्लें, ज्याच्या हातून घोडा व शस्त्र घेतलें, त्याच्यासाठीं प्राण द्यावा. एल्फविन आपल्या सोबत्यांस मेजवानींत केलेल्या प्रतिज्ञांची आठवण देतो. संस्कृतज्ञांस येथें भर्तृपिंडाचें स्मरण झाल्यावांचून राहणार नाहीं. स्वामीचें अन्न खाऊन जो त्याच्यासाठीं लढत नाहीं तो नरकास जातो व त्यास दर्भाच्छादित जलपात्रही मिळत नाहीं, या अर्थाचा श्लोक कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत दहाव्या अधिकरणांत आहे, आणि तोच भासाच्या प्रतिज्ञायौगंधरायणांतही आहे. दोन्ही समाज एकमेकांस सर्वथा अपरिचित होते. तेव्हां येथें उसनवारीचा प्रश्नच नाहीं. जेथें सैन्य पगारावर नसून पंगतीवर उभें असतें, तेथें ही नीति आपोआप उत्पन्न होते. आणि एक योगायोग असा कीं, हे दोन्ही संस्कृत ग्रंथही शतकानुशतकें लुप्तप्राय होऊन विसाव्या शतकाच्या आरंभींच उजेडांत आले : अर्थशास्त्राची पोथी म्हैसूर येथें शामशास्त्री यांस मिळून इ. स. १९०९ मध्यें छापली गेली, आणि भासाचीं नाटकें गणपतिशास्त्री यांनीं त्रिवेंद्रम येथून इ. स. १९१२ पासून प्रसिद्ध केलीं.

तथापि इतिहासकारानें काव्याच्या तेजानें दिपून जातां कामा नये. ज्या वर्षीं काव्यांतील बिर्टनॉथ खंडणी नाकारून मरतो, त्याच वर्षीं राजानें दहा हजार पौंड दिले. एका पौंडाचे २४० पेनी, या हिशेबानें चोवीस लक्ष रुपेरी नाणीं झालीं. पुढें इ. स. ९९४ मध्यें सोळा हजार, इ. स. १००२ मध्यें चोवीस हजार पौंड दिल्याची नोंद आहे. आणि क्नूट गादीवर आल्यावर इ. स. १०१८ मध्यें ७२,००० पौंड व शिवाय लंडन शहराकडून १०,५०० पौंड वसूल झाले. हें पाहिलें म्हणजे काव्यांतील जासुदाचा संवाद एवढा विस्तारानें कां आला, हें समजतें. सिगेरिकाच्या सल्ल्यास दिलेलें तें उत्तर आहे. काव्य हा एका पक्षाचा कागद आहे. त्यामुळें तो खोटा ठरत नाहीं. पण पक्षाचा म्हणून वाचला पाहिजे.

आमचा निर्णय असा : लढाई, स्थल, सेनापतीचा मृत्यु, कांहींचें पलायन व कांहींचें तेथेंच मरण, हें ऐतिहासिक, संवाद, भाषणें व त्यांचा क्रम, हें कविकृत, आणि ओलाफाची उपस्थिति, दोन लढाया व चौदा दिवस, हें अप्रमाण.

८. समारोप

या सर्व विवेचनाचा आधार सहा पानांची एक नक्कल आहे. ती झाली नसती तर मॉल्डनविषयीं आपणांजवळ शकावलींतील दोन-तीन ओळी, एका भिक्षूची लॅटिन स्तुति व एका मठाची इनामकथा एवढेंच उरतें; एल्फविन, लेओफसुनु, डनेर, दोघे गॉड्रिक यांचा मागमूसही नसता. आणि ती नक्कल कोणा श्रेष्ठ ग्रंथाची म्हणून झाली नव्हती. आरंभ नाहीं, शेवट नाहीं, कवीचें नांव नाहीं, यादींत विषयही पहिल्यानें चुकीचा लिहिलेला, अशी ती पोथी होती.

आमच्या संग्राहक बंधूंच्या दप्तरांतही अशा त्रुटित पोथ्या पुष्कळ असतील. आदि-अंत नाहीं म्हणून त्या बाजूस ठेवल्या जातात, आणि कसर व वाळवी आपलें काम करीत राहतात. आमची विनंति एवढीच कीं, पूर्ण पोथीची नक्कल पुढें करावी, त्रुटित पोथीची आधीं. ओळ जेथें तुटली असेल तेथें ती तुटलीच ठेवावी. पदरची भर घालून जोडूं नये. छायाचित्र घेतलें तरी हातानें एकवार उतरून पाहावें, कारण अक्षर लावितांनाच लेखकाचे प्रमाद कळतात. आणि नकलेच्या अखेरीस मूळ पोथी कोणाची, पानें किती, नक्कल कोणीं व कोणत्या तिथीस केली, हें अवश्य लिहावें. आपल्या जुन्या लेखकांची ही रीतच होती. कॅस्लीनें ती पाळली नाहीं, म्हणून त्याचे श्रम अडीचशें वर्षें दुसऱ्याच्या नांवावर जमा राहिले.